सहाशे जोड

बुटाचं चामडं ज्याच्यावर ताणून बसवतात, तो लाकडी पावलाचा साचा करण्यात मिस्त्रीचा हात धरणारा कुणी नव्हता. तीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नाही. आता साचा कधी एकटा नसतो, डावा आला की त्याच्या मागोमाग उजवा आलाच. त्यामुळे कारखान्यात कुणी एकेक मोजतच नसे. 'पन्नास काढ' म्हटलं की पन्नास जोड काढायचे, हे ज्याला सांगावं लागे तो तिथं टिकत नसे. ही सवय मिस्त्रीच्या इतकी अंगात भिनली होती, की बायको थट्टेने म्हणायची, "यांना एक कप चहा दिला ना, तर दुसरा कुठाय म्हणून विचारतील."

मग युद्ध सुरू झालं. इथं नव्हे हो, समुद्रापलीकडे. अर्धं जग एका बाजूला, अर्धं दुसऱ्या बाजूला, आणि लढाई अशा गावांत की त्यांची नावं घेताना जीभ अडखळावी. पण इथल्यांना काय चेव चढला म्हणता! कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याने भिंतीवर जगाचा नकाशा ठोकला आणि त्यात रंगीत टाचण्या खोचल्या. गिऱ्हाइकाच्या गालाला फेस फासून झाला की तो ब्रश नकाशावर रोखायचा आणि म्हणायचा, "आता आपण इथून घुसायचं." आपण! याचा स्वतःचा मुलगा तळपाय सपाट निघाले म्हणून भरतीतून सुटलेला, दिवसभर घरात लोळायचा, आणि बाप इकडे टाचण्या पुढे सरकवायचा. एखादी टाचणी मागे घ्यायची वेळ आली की मात्र त्या दिवशी दुकान बंद.

मिस्त्रीचा मुलगा पायदळात होता. दीड वर्ष झालं होतं त्याला जाऊन. मिस्त्रीची बायको निरोप समितीची चिटणीस होती, म्हणजे स्टेशनवरून जवानांची गाडी सुटायची असली की कागदी झेंडे वाटायचे, बिस्किटांचे पुडे द्यायचे, आणि गाडी हलली की टाळ्या वाजवायच्या. छातीवर तिने समितीचा पितळी बिल्ला लावलेला असे. घरी आल्यावर तो काढून ती डब्यात ठेवायची आणि झाकण घट्ट लावायची.

युद्धाच्या दुसऱ्या वर्षी साच्यांना कुणी विचारीना. कारखान्याला टाळं लागणार अशी चिन्हं दिसायला लागली, तेवढ्यात मालकाने लाकडी पाय करून देण्याचं सरकारी काम आणलं. ते आणणं त्याला काही जड गेलं नाही, कारण पुरवठा खात्यातला साहेब त्याचा सख्खा भाचा. धडधाकट, सव्वीस वर्षांचा, बुटांना इतकी पॉलिश की वाकून भांग पाडावा. मामाने कुठे कुठे शब्द टाकला म्हणून तो कचेरीत बसून देशसेवा करत होता.

सुरुवातीला इस्पितळाकडून चिठ्ठ्या येत. नाव, पाय कुठला, गुडघ्यापासूनची लांबी, राहिलेल्या पोटरीचा घेर. एक चिठ्ठी म्हणजे एक माणूस. मिस्त्री ते काम जीव ओतून करायचा. कानस मारून मारून लाकूड आतून असं गुळगुळीत करायचा, की नुकत्याच भरलेल्या जखमेला ते टोचू नये. चिठ्ठी तो त्या पायाला दोऱ्याने बांधून पाठवायचा. एकदा एकाने आभाराचं पत्र पाठवलं होतं, ते त्याने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं.

मग एके दिवशी एक मोठा कागद आला. लाकडी पाय, गुडघ्याखालचे. नग ६००. डावे-उजवे समान. मापं तीन: लहान, मधलं, मोठं.

"नावं कुठायत?" मिस्त्रीने विचारलं.

"नावं नंतर येतील," मालक म्हणाला. "तुम्हाला काय करायचंय नावांशी? बारसं करायचंय का?"

मिस्त्रीला ते रुचलं नाही. पण त्याने स्वतःची समजूत घातली. इस्पितळं भरून वाहत असतील, घाईगर्दीत चिठ्ठ्या कोण लिहीत बसणार. माणसं तिकडे खाटांवर पडून वाट बघताहेत, आपण हात चालवावा. आणि त्याने हात चालवला. सगळ्या कारखान्याला त्याने दामटलं, सुट्टीच्या दिवशीही यंत्रं बंद ठेवली नाहीत.

ऐन कामाच्या धांदलीत मुलगा रजेवर आला. वीस दिवसांची रजा. पहिले दोन दिवस तो बूटच काढेना. "काढले की परत पायात जात नाहीत," म्हणाला. शेवटी आईने रागे भरून काढायला लावले, तर सगळ्या खोलीत कुजका वास सुटला. पायाची कातडी पांढरी होऊन सुटलेली, तीन बोटांची नखंच नाहीत. "पाण्यात उभं राहावं लागतं ना आम्हाला," तो असं म्हणाला, जसं काही पावसात छत्री विसरला होता. आईने पदर तोंडाला लावला. तेवढ्यात बाहेर शेजारणीने हाक मारली, जवानांसाठी मोजे विणून झालेत म्हणून. सुती मोजे! गुलाबी काठाचे! आईने ते घेतले, छान झालेत म्हणाली आणि दार लावून घेतलं.

तिसऱ्या दिवसापासून मुलगा बापाबरोबर कारखान्यात जाऊ लागला. लहानपणापासून तो तिथंच खेळला-वाढला होता, कानस त्याच्या हाताला लागलेली. तो काम करायला बसला की दोन माणसांचं काम उपसायचा. आणि त्यावरून मिस्त्रीला ती गोष्ट सुचली. एक नियम होता: युद्धाचं काम करणाऱ्या कारखान्यात माणसं कमी पडत असतील, तर कसबी कामगाराला सहा महिने आघाडीवर न धाडता थांबवून घेता येतं. 'आवश्यक कामगार' म्हणायचे त्याला. पुरवठा साहेबाची सही झाली की काम फत्ते.

अर्ज मुलाच्या आईने लिहिला. तिचं अक्षर मोत्यासारखं. भर दुपारी खिडक्या लावून लिहिला, कारण निरोप समितीची चिटणीस स्वतःच्या मुलाला मागे ठेवायला बघतेय हे कळलं असतं तर बायकांनी तिची सालटी काढली असती. मुलगा समोर बसून तिच्याकडे बघत होता. हो म्हणाला नाही, नको म्हणाला नाही. पण त्या दिवशी त्याने पिशवीतले कपडे काढून फडताळात लावून ठेवले.

रजा संपायला दोन दिवस उरले, त्या सकाळी पुरवठा साहेब मोजणीला आला. अर्ज मालकाच्या टेबलावर होताच. साहेबाने तो वाचला, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाला, "हरकत नाही. करून टाकू सही. आधी मोजणी होऊ द्या."

पाय रांगांनी लावून ठेवले होते. भिंतीला टेकून उभे, अंगठे बाहेर. साहेबाबरोबर आलेला कारकून मोजत मोजत टोकाला गेला, थबकला, परत मोजत आला.

"साहेब, बाराशे भरतात."

"सहाशेच म्हणा," मिस्त्री म्हणाला. "सहाशे जोड." आणि म्हणता म्हणताच त्याच्या तोंडचं पाणी पळालं. डावे-उजवे समान, म्हणजे तीनशे आणि तीनशे! त्याने वाचलं होतं सहाशे डावे आणि सहाशे उजवे. तीस वर्षांची सवय, दुसरं काय. एक पाय गेलेल्याला एकच लागतो, हे शेंबड्या पोरालाही कळेल, पण मिस्त्रीच्या हाताला कळलं नव्हतं.

मालक तर कडाडलाच. "अहो, सहाशे पायांचं लाकूड फुकट घालवलंत! दाणादाण उडवलीत की! आता काय शेकोटी करू यांची?"

"थांब मामा," साहेब म्हणाला. "विचारून बघतो." तो आतल्या खोलीत फोनकडे गेला. दार उघडंच होतं. मिस्त्री दाराशी मान खाली घालून उभा राहिला.

"हो, सहाशेच सांगितले होते... नाही, बाराशे झालेत... असं म्हणता? सतरा तारखेला नक्की?... मग छानच की! ठेवून घेतो, ठेवून घेतो."

हात चोळत साहेब बाहेर आला. "काही वाया जायचं नाही मामा. सतरानंतर बाराशेसुद्धा पुरतात की नाही बघा म्हणाले. आपली इभ्रत वाढली उलट."

मिस्त्रीला नीट कळेना. "साहेब, पण हे पाय इस्पितळातल्यांचे ना?"

"इस्पितळातल्यांचे मागेच दिले तुम्ही. हे पुढचे." आणि मिस्त्रीचा चेहरा बघून साहेबाला हसू आलं. "असं काय करता मिस्त्री? पायदळ आहे! पायदळाला पाय लागणारच!"

मामा-भाचे दोघंही हसले. मामाला तर ठसका लागला.

आता खरं सांगायचं, तर त्या क्षणी मिस्त्रीला आधी काय वाटलं असेल? सुटलो, असं वाटलं. चूक पोटात घातली, नोकरी वाचली. एक क्षणभरच वाटलं, पण वाटलं, आणि पुढे जन्मभर त्याला त्या एका क्षणाची किळस येत राहिली. मग त्याने रांगांकडे पाहिलं. या बाराशे पायांची माणसं अजून आपापल्या पायांनी चालत होती. कुणी मोजे वाळत घालत असेल, कुणी रजेवर येऊन आईच्या हातचं खात असेल. आणि त्यांच्या लाकडी पायांची मोजणी झाली होती, वर शाबासकीही मिळाली होती. पलीकडे, तिसऱ्या बाकावर, मुलगा पाठमोरा बसून मोजणीबाहेरच्या कसल्याशा पायाला कानस मारत होता. रजेवरच्या सगळ्यांना दहा तारखेच्या आत परत बोलावलंय, असं तो आल्या दिवशीच बोलला होता.

"साहेब, तेवढी सही," मिस्त्री कसाबसा म्हणाला.

"कसली? हां." साहेबाने अर्ज उचलला, परत ठेवला. "अहो, तुमचं काम तर दुप्पट पुढे गेलंय. कामगार कमी पडतात असं कुठल्या तोंडाने लिहू मी?" त्याने पेनाला टोपण लावलं. "पण तुमचं कौतुक व्हायला हवं. परवा स्टेशनवर निरोप समारंभ आहे, तिथं तुम्हाला पदक देऊ. दोन शब्द बोला. बोलता येतं ना?"

घरी त्याने एवढंच सांगितलं की सही झाली नाही, आणि का झाली नाही. बायको त्याच्यावर जी उसळली, तशी ती लग्नाच्या पंचवीस वर्षांत कधी उसळली नव्हती. "एकेक मोजता येत नाही तुम्हाला? एवढंसं येत नाही? स्वतःच्या हाताने पोराच्या पायावर धोंडा घातलात!"

"आई, पुरे," मुलगा म्हणाला. "बाबांनी काम चोख केलं, त्यात त्यांची काय चूक?" आणि तो फडताळातले कपडे काढून पिशवीत भरायला लागला.

दुसऱ्या दिवशी, ती समितीच्या कामाला गेलेली बघून, मिस्त्री मुलाजवळ बसला. सतरा तारखेचं त्याच्या जिभेवर होतं, पण तोंड उघडेना. हे पोराला सांगून पोराने करायचं काय? त्याऐवजी तो म्हणाला, "तू जाऊ नकोस. कुठे तरी लपून राहा. मी बघतो काय होईल ते."

मुलगा बुटांना मेण लावत होता. "पळून गेलेल्याचं काय करतात ठाऊक आहे का बाबा? त्याच्याच तुकडीतल्या आठ जणांना समोर उभं करतात, गोळ्या घालायला."

"तुला कुणी सांगितलं?"

"मी होतो ना आठांत."

मुलाने दुसरा बूट घेतला. त्या वाक्याने मिस्त्रीच्या डोक्यात एक विचार पक्का झाला. एकट्याला मारता येतं. आठ जण उभे केले की झालं. पण अख्ख्या गाडीने जायला नकार दिला तर? साडेआठशे जणांवर गोळ्या घालायला कुठले आठ जण आणणार? त्यांना फक्त कुणीतरी खरं सांगायला हवं, आणि उद्या त्यालाच तर बोलायला उभं करणार होते. रात्रभर तो मनातल्या मनात वाक्यं घोळवत राहिला. आयुष्यात कधी चार माणसांपुढे बोलला नव्हता बिचारा.

नऊ तारखेच्या सकाळी स्टेशन नुसतं फुललं होतं. फलाटाच्या मधोमध लाकडी मंच, त्यावर मालक, साहेब आणि ध्वनिक्षेपक. बाजूला बँड. मंचासमोर सगळ्यात पुढे गाडीत चढायचे जवान रांगेत उभे, आणि त्यांच्या मागे दोरीपलीकडे गाव लोटलेलं. सलूनवाला कडक इस्त्रीचा सदरा घालून आला होता आणि ओळखीच्या प्रत्येकाला आघाडी समजावून सांगत होता. मिस्त्रीची बायको दूर तिकिटाच्या खिडकीजवळ झेंड्यांचा गठ्ठा घेऊन उभी होती, बिल्ला लावून.

मालकाने भाषण ठोकलं. त्यात 'रक्त' अकरा वेळा आलं आणि 'त्याग' किती वेळा ते मोजायची सोय नव्हती. मग त्याने मिस्त्रीच्या कोटाला पदक टोचलं आणि त्याला पुढे ढकललं.

मुलगा पहिल्याच रांगेत होता, उजवीकडून चौथा. मिस्त्री त्याच्याकडे न बघता बोलायला लागला.

"मला सहाशे लाकडी पाय करायला सांगितले होते," तो म्हणाला. "माझ्याकडून बाराशे झाले."

झालं! टाळ्यांचा कडकडाट झाला. "दुप्पट! दुप्पट!" कुणीतरी ओरडलं. मागून शिट्ट्या आल्या. मिस्त्री हात हलवून नाही नाही म्हणत होता, लोकांना तो विनय वाटला आणि त्यांनी आणखी जोरात टाळ्या पिटल्या. बँडवाल्याला वाटलं भाषण संपलं. त्याने काठी उचलली आणि ढोल दणाणला.

"अहो, ऐका!" ध्वनिक्षेपक सोडून मंचाच्या कडेला येत मिस्त्री ओरडला. "ते जखमींचे नाहीत! तुमचे आहेत! सतरा तारखेला तुम्हाला... तुमच्या पायांची मागणी आधीच आलीय! चढू नका गाडीत! कुणी चढू नका!"

त्याचं ओरडणं ढोलापुढे काय टिकणार? साहेबाच्या मात्र लक्षात आलं. त्याने हसत हसत मिस्त्रीच्या खांद्यावर हात टाकला, दुसऱ्या हाताने ध्वनिक्षेपक ओढून घेतला आणि "विजय असो" म्हणून घोषणा दिली. सगळ्या गावाने ती उचलली. मिस्त्री मंचावरून जवळपास कोसळलाच, उतरला आणि जवानांच्या रांगेपुढे जाऊन उभा राहिला.

ऐकू गेलं होतं ते फक्त पहिल्या रांगेला. त्यांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. वीसेक पोरं, कोवळ्या मिशांची, त्याच्याकडे बघत होती. कुणाच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, राग नव्हता. मिस्त्रीला वाटलं होतं ती दचकतील. ती दचकली नाहीत. आपल्याला जे माहीतच आहे ते कुणी सांगितलं की माणूस कंटाळून बघतो, तशी ती बघत होती.

"सतरा का?" त्यातला एक शेजारच्याला म्हणाला. "मी वीस ऐकली होती."

रांगेच्या मागे शिट्टी वाजली. बंदुका घेतलेले लष्करी पोलीस दोन्ही टोकांनी पुढे सरकले आणि पोरं आपणहून डब्याकडे वळली. मुलगा बापासमोर क्षणभर थांबला.

"बाबा, डावे किती आहेत, उजवे किती?"

"सारखेच," मिस्त्रीच्या तोंडून गेलं. "सहाशे-सहाशे."

"आणि माझ्या मापाचे?"

"मधलं माप तुझं. चारशे आहेत."

आजूबाजूची पोरं हसली, अगदी खळखळून. "मग मिळेल एखादा," मुलगा म्हणाला. त्याने वाकून बापाच्या कोटावरचं वाकडं झालेलं पदक सरळ केलं, पिशवी खांद्याला मारली आणि डब्यात चढला. मिस्त्री 'अरे' म्हणाला तोवर मागून चढणाऱ्या पोरांत तो दिसेनासा झाला. गाडी हलली. झेंडे हलले. लोकांनी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या आणि मग, चहाची वेळ झाली म्हणून, पांगले.

मिस्त्री फलाटावर तसाच उभा होता. बायको गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी आली. तिचे डोळे सुजले होते, पण चेहरा उजळला होता. दोन दिवसांत पहिल्यांदा ती त्याच्याशी नीट बोलली.

"अहो, किती छान बोललात! मागे काही नीट ऐकू आलं नाही, पण टाळ्या काय पडल्या! तो खूष दिसला हो जाताना. हसत होता ना? काय म्हणत होता?"

मिस्त्रीने तिला सांगितलं. दोन दिवस जे मनात दाबून ठेवलं होतं ते सगळं सांगितलं. फोन, सतरा तारीख, पायदळावरचा तो विनोद, पोराचं माप, सगळं. आवाज चढत गेला त्याचा. फलाट झाडणारी बाई झाडू थांबवून बघायला लागली. मंचावरून खुर्च्या उचलणारे थांबले. बायकोचा चेहरा पांढराफटक पडला, झेंड्यांचा गठ्ठा हातातून गळाला. ती त्याच्या कोटाला धरून हुंदके द्यायला लागली. आणि तसंच रडता रडता, इकडेतिकडे बघत, तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"हळू बोला हो," ती म्हणाली. "लोक ऐकतील."